एक चापट आणि चहा

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सर, तुम्ही इतकी वर्षं पी.टी. शिकवलंत, पोरांच्या गमतीजमती लिहा की. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी म्हणालो, लिहितो. मग कागद घेऊन बसलो आणि नुसता बसूनच राहिलो. गमती आठवत नाहीत असं नाही. पण कुठलीही गंमत जरा पुढं नेली की तिच्यात कुणाचा तरी ओठ फुटलेला सापडतो. तेव्हा संपादकांनी मला माफ करावं, आणि वाचकांनी हे फराळ झाल्यावर वाचावं.

मी पी.टी.चा मास्तर. राहायला बारामतीत आणि नोकरी इंदापूर तालुक्यात, भवानीनगर आणि निमगाव केतकीच्या मधल्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. त्यातली माणसं अजून आहेत आणि मला त्या रस्त्यानं अजून जावं लागतं. शाळेच्या तिन्ही बाजूंना ऊस आणि समोर रस्ता. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढत, टेप मोठ्यानं लावून जायचे, आणि वर्गात भूगोल ओरडून शिकवावा लागायचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं पी.टी.चा मास्तर म्हणजे शिट्टी आणि कवायत. अहो, कवायत ती केवढीशी! उरलेला सगळा वेळ मी बिनवर्दीचा फौजदार. कुठल्याही शाळेत जाऊन बघा, मारामारी झाली की गणिताचे सर हातातला खडू खाली ठेवत नाहीत, शिपाई पळत येतो तो पी.टी.च्या मास्तराकडं. आम्हाला कॉलेजात खो-खोचं मैदान आखायला शिकवलं होतं. दोन पोरं एकमेकांची गचांडी धरून पाण्याच्या टाकीखाली लोळत असतील तर आधी कुणाला धरायचं, हे कुणी शिकवलं नाही. ते माझं मी शिकलो. वरच्याला ओढायचं नाही, खालच्याला धरून ठेवायचं. वरच्याला आधी ओढलं की खालचा उठता उठता लाथ घालतो, आणि ती नेमकी मास्तराच्या पोटात बसते.

नव्वदचं दशक निम्मं सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मारामाऱ्या वाढल्या होत्या. का वाढल्या ते मला विचारू नका. स्टाफरूममध्ये कुणी केबलवर खापर फोडायचं, कुणी उसाच्या पैशावर, आणि कुणी तरी हमखास म्हणायचं की आमच्या वेळेला असं नव्हतं. कसलं नव्हतं! आमच्या वेळेलाही असंच होतं, फक्त आम्ही मार खाऊन घरी सांगत नव्हतो. हत्यारं मात्र बदलली, हे खरं. कंपासपेटीतलं कर्कटक, सायकलची चेन, आणि हंगामात ऊस.

उसाची एक केस सांगतो. एका पोराला चौघांनी उसाच्या टिपऱ्यांनी बडवला. हेडसरांनी विचारलं, "टिपरी कुठायत? दाखवा." मी शोधायला गेलो तर कार्ट्यांनी मधल्या सुट्टीत ती सोलून खाऊन टाकलेली. वर मार खाल्लेल्यालाही त्यातलं एक कांडं दिलेलं, आणि त्यानंही ते खाल्लेलं. पाठीवर वळ आणि ओठाला चिकट रस, अशा अवतारात तो हेडसरांपुढं उभा राहिला. हेडसर हसले, मीही हसलो, पोरगंही हसलं. ही झाली गंमत. पुढच्या महिन्यापासून ते पोरगं यायचं बंद झालं आणि ते माझ्या ध्यानात आलं उन्हाळ्यात.

तर मारामारी झाली की ती मिटवायची. ह्या मिटवण्याची आमच्याकडं एक ठरलेली रीत होती, ती आधी नीट सांगतो. दोन्ही बापांना बोलावणं जायचं. हेडसरांच्या खोलीत स्टाफरूममधल्या खुर्च्या मांडायच्या. मधोमध गावातलं एक वजनदार माणूस लागायचं. आमच्याकडं ते तात्या. शाळा समितीवर होते, पांढरं धोतर, बोलणं मऊ, आणि त्यांच्या शब्दाबाहेर हेडसरही नव्हते. पोरं कपाटाजवळ उभी. काय घडलं ते मी सांगायचं, पण जरा पाणी घालून. चेन म्हणायचं नाही, "हातात काहीतरी होतं" म्हणायचं. मग ज्याच्या पोरानं मारलं त्या बापानं उठून मध्ये यायचं आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या पोराच्या थोबाडीत एक ठेवून द्यायची. एकच. लगेच दुसऱ्या बापानं म्हणायचं, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, पोरंच हायती." की तात्या म्हणणार, "झालं. मिटलं." शिपाई चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभाच असायचा. चापटीचा आवाज आला की त्यानं दार ढकलून आत यायचं, ही त्याची खूण.

मी ह्या कामात इतका वाकबगार झालो की आजूबाजूच्या शाळांतून मला विचारायला यायचे. बापाला आधी व्हरांड्यात गाठायचो. "आबा, आत जास्त बोलू नका, एक ठेवून द्या, सुटतं सगळं." काही बाप रागाच्या भरात फार जोरात हाणायचे, म्हणून मी त्यांना चापटसुद्धा शिकवायला लागलो. तळवा जरा पोकळ धरायचा, गालाच्या मांसल भागावर मारायचं, कानापासून लांब. आवाज मोठा होतो, लागत कमी. एकदा एक बाप कारखान्याची रातपाळी करून तसाच आला होता, डोळे तांबारलेले. तो उठला आणि त्यानं मार खाल्लेल्याच पोराला ठेवून दिली. दोन्ही पोरं एकाच गणवेषात, त्याचं तरी काय चुकलं म्हणा! आवाज ऐकून शिपाई चहा घेऊन आत आला, आणि आम्हाला तिथल्या तिथं दुसरं भांडण मिटवायला लागलं.

आमच्या शाळेत साळवेबाई म्हणून सायन्सच्या बाई होत्या. तोंडावर बोलायच्या. एकदा मला म्हणाल्या, "सर, पोरं ह्यातनं काय शिकतात माहितीय? हाणलं तर एक खायची, आणि वर मोठ्यांना चहा मिळतो."

मी चिडलो. "मग काय करू बाई? पोलिसात देऊ पोरांना?"

एकीकडं पोलीस चौकी, दुसरीकडं चापट, आणि मधल्या जागेत आम्हा दोघांनाही काही दिसत नव्हतं.

ह्या सगळ्यात मार खाल्लेल्या पोराला मात्र कुणी काही विचारत नसे. मी एकदा सहज विचारलं. सातवीतलं एक काटकुळं पोरगं होतं. म्हणलं, "तुला काय पाहिजे रे?" त्याला वाटलं मी रागावतोय. मग हळूच म्हणालं, "सर, माझा बाक बदला. त्यो माझ्या मागं बसतोय." एवढंच! त्याचा बाक बदलला आणि ते भांडण खरोखरच थांबलं. तेव्हापासून मी वर्गात गेलो की आधी कोण कुणाच्या मागं बसलंय ते बघायला लागलो. माझी विद्या म्हणाल तर एवढीच.

आता सोपानचं सांगतो. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलोय.

सोपान आठवीत आमच्याकडं आला, वस्तीवरच्या शाळेतून. उंच, मनगटं ही एवढाली, गोळा फेकायला लागला की आधी मैदान रिकामं करायला लागायचं. घरात पूर्वी मेंढरं होती. आता कालव्याच्या कडेला थोडी जमीन होती आणि बाप हंगामात कारखान्याच्या यार्डात जायचा. बापाचं नाव धुळाबा. सोपानला शाळेत घालताना धुळाबा मला म्हणाला होता, "मास्तर, ह्येला धावीपातूर न्या. धावी झाला की आयटीआय करील, आयटीआय झाला की कारखान्यात फिटर हुईल. माझं आयुष्य यार्डात धुरळा खाण्यात गेलं. ह्यो आत मशिनीपाशी उभा ऱ्हाईल." दर भेटीत हे एवढंच बोलणं, शब्दसुद्धा तेच. घरात दहावीपर्यंत पोचलेलं कुणीच नव्हतं.

आणि हा सोपान मारायचा. शिवी नाही, बाचाबाची नाही, एकदम वळायचा आणि हाणायचा. नेहमी मागच्या बाकावरच्याला. आठवी-नववीत त्याच्या पायी किती वेळा खुर्च्या मांडल्या असतील! दर वेळी त्याचा चुलता यायचा, "थोरला कारखान्यावर हाय" म्हणायचा, पुतण्याला एक ठेवून द्यायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. मिटवायला बाप एकदाही आला नाही. मला वाटायचं, लाजतोय.

सोपान दहावीत गेला त्या वर्षी जूनमध्ये मी मैदानावर पोरांच्या डाव्या अंगाला उभा होतो. शिट्टी मारली. अख्खा वर्ग माझ्याकडं वळला आणि सोपान एकटा उजवीकडं बघायला लागला. मला वाटलं, टवाळकी करतोय. परत मारली. परत तेच. मग मी गुपचूप त्याच्या डाव्या बाजूला जाऊन हळू आवाजात हाक मारली. पापणी हलली नाही. उजव्या बाजूनं तशीच हाक मारली तर लगेच "जी सर" म्हणाला.

शनिवारी अर्धी शाळा. त्याला घेऊन बारामतीला कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, डाव्या कानाचा पडदा फाटलेला आहे, जुनं आहे, ह्या कानानं ऐकू येत नाही म्हणलं तरी चालेल. काय झालं होतं? सोपान म्हणाला, "कालव्यात उडी मारली हुती." येताना एस.टी.त मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो. तो खिडकीबाहेर बघत होता. मग आपणहून म्हणाला, "सर, मागनं कोण बोललं की मला नीट कळत न्हाय. मग पोरं हसली की वाटतं मलाच हसली."

मी त्या पोराला दोन वर्षं ओळखत होतो आणि हे मला माहीत नव्हतं.

सोमवारी मी आणि साळवेबाईंनी त्याची जागा बदलली. बाई त्या वर्षी त्याच्या वर्गशिक्षिका होत्या. वर्गाच्या डाव्या भिंतीला लागून असलेला बाक, आणि त्यातही भिंतीकडची जागा. म्हणजे बहिरा कान भिंतीला आणि सगळा वर्ग चांगल्या कानाच्या बाजूला. मागच्या बाकावर एक गरीब पोरगं बसवलं. सगळ्या सरांना सांगितलं की त्याला उजव्या बाजूनं हाक मारा, ते जमत नसेल तर खांद्याला हात लावा, पण पाठीमागनं ओरडू नका. त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली, हंगाम सुरू झाला, आणि सोपाननं कुणाला बोट लावलं नाही. गणितात पास व्हायला लागला. मधल्या सुट्टीत पोरं त्याच्या डब्यात हात घालायला लागली. नोकरीत मी पुष्कळ ढाली मिळवल्या, त्या शाळेच्या कपाटात धूळ खात असतील. पण अभिमानानं सांगावं असं काही केलं असेल तर तो भिंतीकडचा बाक. संध्याकाळी एस.टी.त बसल्यावर मी स्वतःशीच हसायचो, बाजूचा माणूस बघायचा.

जानेवारीत पूर्वपरीक्षा आली. परीक्षेला बाक नंबरावर. सोपानचा नंबर खोलीच्या मधोमध पडला. मी त्या दिवशी तालुक्याच्या क्रीडा बैठकीला इंदापूरला, साळवेबाई दुसऱ्या खोलीवर. सोपानच्या डाव्या हाताच्या रांगेत विक्रम, म्हणजे आमच्या तात्यांचा सख्खा पुतण्या. पेपर भूमितीचा. विक्रमनं आधी हाक मारली, "ए, दाखव की." सोपान लिहितोय. परत हाक मारली. सोपान लिहितोय. विक्रमला वाटलं, माज आला. त्यानं कर्कटक घेतलं आणि सोपानच्या डाव्या दंडात टोचलं. सोपान वळला आणि हातातलं पॅड फिरवलं. परीक्षेच्या पॅडला वर लोखंडी क्लिप असते. विक्रमचे वरचे दोन दात गेले आणि ओठाला टाके पडले.

मी इंदापूरहून आलो तेव्हा वर्गातली फरशी धुऊन झाली होती.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या मांडल्या. ह्या वेळी फिर्यादी तात्या आणि न्यायाधीशही तात्याच. विक्रम तोंडाला पट्टी लावून त्यांच्या शेजारी. चुलता वाटणी घेऊन वेगळा झाला होता, त्यामुळं धुळाबा स्वतः आला होता. मी रीतीप्रमाणे त्याला व्हरांड्यात गाठलं, एक ठेवून द्या म्हणून सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. मला वाटलं, कळलं.

आत मी सांगायला सुरुवात केली. ह्या वेळी पाणी घातलं नाही, कर्कटकाचंही सांगितलं, सोपानचा दंड दाखवला. साळवेबाईंनी कानाचं सांगितलं.

तात्या म्हणाले, "बाई, कानानं ऐकू येत न्हाय, पण डोळ्यांनी दिसतंय का न्हाय?" मग धुळाबाकडं वळले. "हे बघ धुळा. टोचल्याचं काय ते मी घरी बघतो ह्याला. पर आमच्या पोराचं दात गेलं. मी चौकीत गेलो का? न्हाय गेलो. तुझ्या पोराचं धावीचं वरीस हाय म्हणून न्हाय गेलो. रीतीपरमाणं एक ठेवून दे, चहा घिऊ, आपापल्या कामाला जाऊ."

आता तात्यांवर राग काढायला सोपं आहे. पण खरं सांगतो, त्या खोलीत त्यांचं बोलणं सगळ्यांना रास्त वाटलं. मलाही वाटलं. दोन दात गेले होते आणि माणूस एक चापट मागत होता.

धुळाबा उठला नाही. म्हणाला, "तात्या, म्या मारणार न्हाय."

हेडसर घाबरले. ते म्हणाले, "अहो, असं काय करता? परीक्षेची हॉलतिकिटं आता येतील. हे मिटलं नाही तर समिती मला त्याचं अडवायला लावेल. पोराचं वर्ष जाईल." आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "सर, तुम्ही समजावा."

मी धुळाबाजवळ गेलो. हळूच म्हणालो, "आबा, पोकळ हातानं. नुसता आवाज. त्याला लागणार नाही."

तो माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "मास्तर, तुमी त्येला डाक्टरकडं नेला. कान कशानं गेला, त्यो काय म्हणला?"

"कालव्यात उडी मारली म्हणाला."

"कालव्यात न्हाय." धुळाबानं मान खाली घातली. "चवथीत व्हता. आमची पाण्याची पाळी व्हती, ह्येला पाटावर बसवला. ह्यो खेळत बसला आन् पाट फुटला. म्या रागाच्या भरात एक ठिवून दिली. एकच. तुमी मागताय तेवढीच. कानातनं रगत आलं. त्या दिशी बिरुबाच्या देवळात भंडारा उचललाय म्या, ह्या पोरावर परत हात उगारणार न्हाय. म्हणून तर हितं भावाला धाडत व्हतो."

देवापुढं भंडारा हातात घेऊन केलेली शपथ त्यांच्या घरात मोडत नाहीत, हे तात्यांनाही माहीत होतं. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचं गाणं लांब जाईपर्यंत सगळे बसून होते.

मग तात्या म्हणाले, "शपथ तुझी हाय, धुळा. दात आमचं गेलं. आज तू शपथ सांगणार, उद्या दुसरा सांगंल. मग मिटवायचं कसं?"

धुळाबा खुर्चीतून उठला, डोक्यावरची टोपी काढली आणि तात्यांच्या पायाशी ठेवली. "माझ्या थोबाडीत मारा. पायजे तेवढ्या मारा."

तात्यांनी पाय मागं घेतला. "तुला मारून काय करू, बाबा? उचल ती टोपी."

सोपान कपाटाजवळ उभा होता आणि आमच्याकडं त्याची डावी बाजू होती. कितपत ऐकू गेलं, देव जाणे. पण टोपी त्याला दिसली. तो आला, वाकला, टोपी उचलली, मांडीवर झटकली आणि बापाच्या डोक्यावर नीट बसवली. मग खोलीच्या मध्ये, जिथं बाप उभे राहतात तिथं जाऊन उभा राहिला, आणि त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारली. उजव्या गालावर.

दार उघडलं आणि शिपाई चहा घेऊन आत आला.

सोपाननं दुसरी मारली. मग तिसरी. पोकळ तळवा वगैरे काही नाही, गोळाफेकीचा हात होता तो. साळवेबाई किंचाळल्या, "सोपान, कान!" मी जाऊन त्याचा हात धरला तर तो मलाच ओढून न्यायला लागला! शिपाई ट्रे धरून तसाच उभा, कपबशा वाजत होत्या. त्यात विक्रमचा आवाज आला, टाके घातलेल्या तोंडातून, रडका. "तात्या, बास की! बास म्हणा की त्याला!"

तात्या खिडकीकडं बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, "झालं. मिटलं."

तेव्हा सोपान थांबला.

आणि आम्ही चहा घेतला. काय सांगू तुम्हाला, सगळ्यांनी घेतला. हेडसर मला म्हणाले, "बरं झालं, सुटलं एकदाचं." धुळाबाच्या कपावर साय धरली, ती शिपायानं नंतर खिडकीतनं ओतली. बापलेक केव्हा उठून गेले ते मी पाहिलं नाही.

त्यानंतरही मी मिटवतच राहिलो, निवृत्त होईपर्यंत. पुढं चापटीची रीत गेली. मारायचं नाही, ओरडायचं नाही, असं वरून आलं. चांगलंच आहे. तिच्या जागी काय आलं म्हणाल तर दाखला. पोरगं जड झालं की गोड बोलून त्याच्या हातात दाखला ठेवायचा आणि शेजारच्या गावच्या शाळेकडं बोट दाखवायचं. शेजारचे आमच्याकडं पाठवायचे. पोरं एस.टी.सारखी ह्या थांब्यावरून त्या थांब्यावर फिरायची आणि दहावीच्या आत कुठंतरी उतरून जायची. मी कुणाला सुधारलं, असं मला आता वाटत नाही. दोन पोरांच्या मध्ये एक भिंत असली तर बरं असतं, एवढंच मला कळलं होतं, आणि तेही परीक्षेच्या नंबरात वाहून गेलं.

सोपानचं राहिलं ते सांगतो. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. मला वाटलं, गालाची सूज उतरली की येईल. साळवेबाईंनी पोरांकरवी निरोप धाडले. हॉलतिकिटं आली, त्याचंही आलं, कुणी अडवलं नाही. ते खिशात घालून मी एका दुपारी त्यांच्या वस्तीवर गेलो.

कालव्याच्या कडेला घर. धुळाबा बाजेवर बसला होता, मला बघून उठायला लागला, मी बसा म्हणालो. सोपान गोठ्यापुढं म्हशीसाठी उसाचं वाढं तोडत होता. मी नेहमीप्रमाणे वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि बोलायला लागलो. हॉलतिकीट आलंय, मराठीचा पेपर पहिला आहे, मी स्वतः परीक्षेला भिंतीकडचा बाक मागून घेतो.

त्यानं कोयता खाली ठेवला. माझ्याकडं एकदा बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग तो जागच्या जागी फिरला आणि डावा कान माझ्याकडं करून उभा राहिला.

मला कळलं. तरी मी बोलत राहिलो. आयटीआयचं बोललो, फिटरचं बोललो, धुळाबा जे माझ्याकडं येऊन बोलायचा ते सगळं त्याच शब्दांत बोललो. तो शांतपणे उभा होता, कालव्याकडं बघत. शेवटी माझ्याकडचं बोलायचं संपलं आणि मी गप्प झालो, तरी तो तसाच उभा.

मग धुळाबा बाजेवरून उठून आला, आणि मास्तरांचं बोलून झालंय, हे त्यानं पोराच्या खांद्याला हात लावून त्याला सांगितलं.